लाल कुलुपाचा फोटो

४ फेब्रुवारी, मंगळवार

भाऊजी,

नावाच्या आधी काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसतंच भाऊजी. विनंती विशेष लिहिण्याचा हक्क नऊ वर्षांपूर्वी मीच घालवला. अक्षर एवढं मोठं बघून हसू नका. मला हल्ली कमी दिसतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यातला उजवा जास्त पिकलाय. चिमणीनं इथल्या दवाखान्यात नाव घातलंय, वीस तारखेला ऑपरेशन. तोवर आणि नंतर आठवडाभर मी तिच्याकडे.

इथे म्हणजे त्याच शहरात. वेगळं सांगायला नको.

पत्ता कुठून मिळाला ते विचारू नका. मिळाला. तुम्ही गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करता एवढंच त्यावरून कळलं. पत्र न वाचता टाकून दिलंत तरी मी काही म्हणणार नाही. पण वाचलंत की टाकलंत ते मला कळणारही नाही, तेव्हा लिहिते.

चिमणी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. आठला जाते, सहाला येते. खोली तिसऱ्या मजल्यावर. एक पलंग, एक ओटा, खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसतात. लिफ्ट आहे, पण मी जिन्यानं चढते. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "अगं आई, गुडघ्यांनी तुझं काय घोडं मारलंय?" आणि मग तिचं तिलाच लक्षात आलं. माझी पिशवी घेऊन तीही जिन्यानंच आली.

तिनं माझ्या हातात तुमच्या दादांचा कॅमेरा ठेवला. तोच, चंदेरी, साबणाच्या वडीएवढा, मनगटात अडकवायच्या काळ्या दोरीचा. माझ्या कपाटातून कधी उचलून आणला होता कोण जाणे. बॅटरी फुगली होती, तर तसलीच दुसरी मिळवून आणली. म्हणाली, "पाट्या वाचता येत नाहीत ना तुला? फोटो काढ, हे बटण दाबून मोठा कर, नि वाच. बाबा काय करायचे?"

म्हणून मी गळ्यात चष्मा आणि मनगटात कॅमेरा घेऊन फिरते. बस आली की फोटो काढते. मोठा करून नंबर वाचेपर्यंत बस गेलेली असते. या शहरातून सुटलेल्या सगळ्या बसचे नंबर आता मला पाठ आहेत.

तुमच्या दादांनी काढलेले कामाचे फोटो त्यात राहिलेले नाहीत. जुनं यंत्र आहे, गेले असतील कुठेतरी. तुम्हाला वाटेल म्हणून सांगितलं.

तब्येतीची काळजी घ्या. ओझी उचलताना कंबर वाकवू नका, गुडघे वाकवा. हे तुमचे दादा सांगायचे.

— वहिनी


१० फेब्रुवारी, सोमवार

भाऊजी,

उत्तराची वाट बघत नव्हते. तरी दोनदा खाली जाऊन पत्रपेटीचा फोटो काढला आणि मोठा करून पाहिला. रिकामी होती.

आता मला हात बसलाय. आधी अर्धं दाबायचं, तो पुढचा डोळा गुरगुरत बाहेर येऊन थांबला की मग पुरतं. दवाखान्याचा रस्ता एकटीनं जाते. एका दुकानाच्या पाटीचा फोटो काढत होते, तर बाहेर चपला शिवत बसलेला माणूस म्हणाला, "काय वाचायचंय आजी? मला विचारा की. मी इथे बावीस वर्षं बसतोय."

म्हटलं, "तुम्ही सांगाल ते खरंच असेल. पण मला माझं वाचायची सवय आहे."

"मग वाचा. दुकान बंद पडून वर्ष झालं," म्हणाला.

बघा, पाटी होती आणि दुकान नव्हतं. संध्याकाळी चिमणीला सांगितलं तर ती पोट धरून हसली. मला मात्र नंतर तो माणूस पुन्हा पुन्हा आठवत राहिला.

तुमचे दादा कॅमेऱ्याला 'वही' म्हणायचे, ते तुम्हाला आठवत असेलच. 'माझी वही कुठाय?' सकाळी निघताना घरात हाच एक आवाज. शाळेत चौथीपुढे त्यांना सरकता आलं नाही. म्हणायचे, अक्षरं माझ्याकडे पाठ करून उभी राहतात. मी वाण्याच्या पुडीचे कागद वाचत वाचत वाचायला शिकले, मग चिमणीची पुस्तकं, मग वाचनालयातली. मी शेजारी बसून वाचायची आणि ते कॅमेऱ्याच्या चौकटीत डोकं घालून बसायचे. लिफ्टचं कुठलं चाक कुठल्या बाजूनं काढलं, कुठला वायसर आधी होता. "तू पुस्तकं वाच, मी चाकं वाचतो," म्हणायचे. उघडण्याआधी एक फोटो, बंद केल्यावर एक. आणि सगळ्याच्या आधी तो एक. मेन स्विच पाडायचा, त्याच्या पेटीच्या कडीला स्वतःचं कुलूप घालायचं, किल्ली स्वतःच्या खिशात, आणि त्या कुलपाचा फोटो. कुलूप, फोटो, मग पाय आत. तुम्हाला त्यांनी हे किती वेळा सांगितलं असेल त्याची गणती नाही. घरात मलाही पाठ झालं होतं.

एक विचारायचं होतं. साधीच गोष्ट आहे. फोटोच्या कोपऱ्यात केशरी आकड्यांत तारीख येते, ती तुम्ही लावून द्यायचात ना? त्यांना आकडे जमत नसत. बॅटरी काढून परत घातली की दर वेळी ती लावावी लागायची का? आणि नाही लावली तर कॅमेरा कुठली तारीख दाखवायचा?

सहज विचारते. माझ्या फोटोंवर काहीतरी भलतंच येतंय.

— वहिनी


१५ फेब्रुवारी, शनिवार

भाऊजी,

काल चिमणीचा फोन वाजला आणि ती तो घेऊन बाहेर जिन्यात गेली. परत आली तेव्हा चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, हिचं कुठे जुळलं की काय. ती माझ्यासमोर खाली बसली. म्हणाली, "आई, चिडू नकोस. काकाचा फोन होता. दर महिन्याला येतो. मी चौदा वर्षांची असल्यापासून."

मी चिडले नाही. पत्ता तिच्याच वहीतून घेतला होता, म्हणजे काहीतरी आहे हे मला ठाऊक होतं. फक्त माझ्या घरात, माझ्या नाकाखाली, आठ वर्षं दोघांनी मला कळू दिलं नाही. बरं केलंत. कळलं असतं तर मी तेही तोडलं असतं.

ती म्हणाली, "तुझं पत्र मिळालं त्याला. तू तारखेचं विचारलंस ना? तो रडत होता गं. म्हणाला, वहिनीला फोटो सापडला. आई, आहे ना तो फोटो? बॅटरी शोध, कॅमेरा चालू कर, आईच्या हातात दे, हे गेलं वर्षभर तोच माझ्या मागे लागला होता."

भाऊजी, तो फोटो नाही. यंत्रानं गिळला नाही, कुठे गेला नाही. मी पुसला.

आता सगळं लिहिते. मध्ये थांबले तर परत लिहिणार नाही.

तुम्ही दारात उभे होतात. त्यांना जाऊन चार दिवस झाले होते. तुम्ही तेव्हा जागेवर नव्हतात हे पहिल्याच दिवशी कानावर आलं होतं, म्हणून मी त्यांचं तोंडसुद्धा तुम्हाला पाहू दिलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "वहिनी, मला दादानं ग्रीस आणायला खाली पाठवलं होतं. कुलूप त्यानं माझ्यासमोर लावलं. फोटो पण काढला. वही उघडून बघ, मग मला हाकल." मी म्हणाले, "बघते. आणि नसला, तर या घराची पायरी चढायची नाही." दार लावून घेतलं.

कंपनीचा अहवाल माझ्याकडे आदल्याच दिवशी आला होता. जमलेल्या सगळ्यांना मी तो स्वतः वाचून दाखवला. कुणाला वाचायला दिला नाही. मला त्या दुःखातसुद्धा वाचता येण्याचा गर्व होता, हे आज कबूल करते. त्यात तीन वाक्यं होती. मुख्य स्विच सहायकाच्या ताब्यात होता. स्विचवर कुलूप आढळले नाही. अपघातसमयी सहायक जागेवर हजर नव्हता. मी ती तिन्ही जोडली आणि त्यातून निघालेला अर्थ असा, की तुम्ही घाई केलीत, कुलूप काढून स्विच वर केलात, दादा लिफ्टच्या टपावर आहेत हे विसरलात, आणि मग पळालात. अहवालात हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते मी वाचलं. खाली सही केली.

तुमच्यासाठी दार लावलं आणि कॅमेरा उघडला. हत्यारांच्या पिशवीबरोबर तो वरच्या मशीनच्या खोलीतच राहिला होता, म्हणून धड होता. तुम्ही म्हणालात तो फोटो होता. अगदी शेवटचा. करडी पेटी, तिच्या कडीत लाल कुलूप. पण कोपऱ्यात तारीख होती एक जानेवारी, आणि वर्ष त्याच्या सहा वर्षं आधीचं. मी ते आकडे दोनदा वाचले. म्हटलं, जुना फोटो दाखवून फसवतो काय मला. भावाच्या मरणावर खोटं बोलतो. बाकीच्या फोटोंवर धड तारखा होत्या, यावरच नव्हती, तरी मला शंका आली नाही. तो फोटो सगळ्यांच्या शेवटी होता, मग आधीचा कसा असेल, हेही सुचलं नाही. छापलेला आकडा खोटा असतो हे मला माहीत नव्हतं.

तीन महिन्यांनी चिमणीच्या शाळेत कार्यक्रम होता. कॅमेऱ्यात जागा नव्हती. मी एकेक फोटो बघत बसले. ज्यात माणूस होता तो ठेवला, ज्यात नव्हता तो पुसला. चाकं, दोर, पेट्या, कुलपं. साडेतीनशेच्या वर असतील. अकरा ठेवले. तुमच्या दादांची सगळी वही मी रद्दीत घातली भाऊजी, आणि तो लाल कुलपाचा फोटो पुसताना माझा अंगठा जरा जास्तच जोरात पडला, हेही आठवतं.

गेल्या आठवड्यात इथे बसच्या फोटोवर मला तीच तारीख दिसली. एक जानेवारी, तेच जुनं वर्ष. पाटीवर तीच. चपला शिवणाऱ्यावर तीच. बॅटरी नवी घातली, तारीख कुणी लावली नाही, तर हा कॅमेरा आपल्या जन्माची तारीख दाखवतो. त्या दिवशी सकाळी तुमच्याकडून लावायची राहिली असेल, एवढंच. म्हणून मी तुम्हाला ते पत्र लिहिलं. स्पष्ट विचारायची हिंमत नव्हती, म्हणून सहज विचारल्यासारखं केलं. त्यानं तुम्हाला आशा लागेल हे डोक्यातच आलं नाही.

आणि काल चिमणीला मी विचारलं, तुला बाबांचं कुलूप आठवतं का? ती म्हणाली, "न आठवायला काय? मीच रंगवलं होतं. माझ्या नेलपॉलिशनं. सगळी बाटली संपली म्हणून तू मला बोलली होतीस. बाबा गेले त्याच्या आधीच्या सुट्टीत."

सहा वर्षं आधी ती सात वर्षांची होती. तेव्हा ते कुलूप साधं लोखंडी होतं. फोटोतलं कुलूप लाल होतं. ते लाल मी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा माझे डोळे चांगले होते.

चिमणीला अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला आधी कळायला हवं होतं. हे पत्र टपालात टाकून मग घरी जाऊन तिला सांगते.

— मी


१८ फेब्रुवारी, मंगळवार

भाऊजी,

सांगितलं. तिनं भांडी घासली, ओटा पुसला, मग पुसलेलाच ओटा परत पुसला. मग म्हणाली, "उद्या कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे नेऊ. पुसलेलं कधी कधी परत येतं."

त्या माणसानं कार्ड आपल्या यंत्राला लावून तासभर बघितलं. मला म्हणाला, "मावशी, याच्यावर नंतर खूप फोटो काढलेत तुम्ही. कुणाचा तरी नाच आहे, बक्षीस समारंभ आहे. एका घरात दुसरा भाडेकरू आला की पहिल्याचं सामान राहतं का?" चार फोटो निघाले. तीन चाकांचे. चौथ्यात फक्त तुमचे हात आहेत, काजळी लागलेले, टॉर्च धरलेले. कुलूप निघालं नाही.

आज मी त्या इमारतीत गेले. चिमणीला सांगितलं नाही.

पत्ता अहवालात होता. तो कागद मी नऊ वर्षं पिशवीत घेऊन फिरतेय. बारीक अक्षर दिसेना, म्हणून त्याचाच फोटो काढला आणि मोठा करत करत वाचला. तेव्हा ते मधलं वाक्य पडदाभर झालं. कुलूप आढळले नाही. मी त्याच्याकडे खूप वेळ बघत होते. कुलूप नव्हते असं लिहिलेलं नाही.

इमारत सात मजल्यांची. जिन्याला निळा रंग, प्रत्येक मजल्यावर चपलांची कपाटं. अपघात झाला त्या चौथ्या मजल्यावर मी थांबले नाही. थांबले असते तर पुढे गेले नसते. गच्चीवर मशीनच्या खोलीबाहेर राखणदार कपडे वाळत घालत होता. साठीचा असेल, अंगात गणवेशाचा शर्ट, खाली लुंगी. म्हणाला, "कुणाकडे?"

म्हटलं, "डोळ्यांचं ऑपरेशन आहे. त्याआधी शहराचे फोटो काढून ठेवते. वरून चांगलं दिसतं म्हणाले."

"आजीबाईंची हौस दांडगी," म्हणाला, पण खूश झाला. ही टाकी, तो पूल, ते लांबचं धुराडं, सगळं दाखवलं. मशीनच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत करडी पेटी होती. तिच्या कडीचा वरचा भाग कापलेला, टोकं रंगानं लिंपलेली, आणि शेजारी दुसरी नवी कडी जोडलेली.

मी विचारलं, "ही अशी का हो कापली?"

"ती होय? जुनी गोष्ट. दोन मिस्त्री आले होते, स्विचला कुलूप घालून ठेवलेलं. दोन तास लिफ्ट बंद. सातव्या मजल्यावरच्या साहेबांना कुठे जायचं होतं, त्यांचे गुडघे दुखायचे. मला म्हणाले, बघ जरा, जेवायला गेले असतील हे लोक कुलूप घालून. एक मिस्त्री खाली जाताना मी बघितला होता. म्हटलं, दुसराही गेला असेल. किल्ली नव्हती, म्हणून कडीच कापली करवतीनं. स्विच वर केला."

"मग?"

"मग काय." त्यानं एक शर्ट झटकला. "एक आतच होता."

भाऊजी, त्यानं हे असं सांगितलं, जसं आपण सांगतो की दूध उतू गेलं.

म्हटलं, "तुम्ही हे कुणाला सांगितलं नाही?"

"विचारलं कुणी? साहेब म्हणाले, तू काही बोलू नको, कंपनीचं कंपनी बघेल. कंपनीचा माणूस आला, त्यानं त्याचं लिहिलं, माझा अंगठा घेतला. मला कुठे वाचता येतं?"

"आणि कुलूप?"

"फेकलं. लाल होतं, चांगलं होतं. पण किल्लीशिवाय कुलूप कशाला ठेवायचं?"

किल्ली माझ्या पिशवीत होती. त्यांच्या खिशातून निघाली ती, सुतळीत ओवलेली. 'किल्ली स्वतःच्या खिशात' हे पाठ असूनही ती कशाची हे नऊ वर्षांत मला सुचलं नव्हतं. घरातली सगळी कुलपं लावून पाहिली होती. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं.

मी पेटीचा फोटो काढला, कापलेल्या कडीचा काढला, जवळून, दोन. तो म्हणाला, "माझा पण काढा की. माझा फोटोच नाही एक." आणि शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावून, हात बाजूला सरळ सोडून उभा राहिला. मी काढला. त्याला दाखवला. म्हणाला, "केस फार पांढरे आलेत हो."

कठडा धरून जिना उतरले. राग आला नाही. मी राग शोधत होते, सापडला नाही. त्याला वाचता येत नव्हतं, त्यानं अंगठा दिला. मला येत होतं.

परवा ऑपरेशन.

— वहिनी


२६ फेब्रुवारी, बुधवार

भाऊजी,

उजव्या डोळ्यानं लिहिते आहे. अक्षर लहान झालंय, बघा.

एकोणीस तारखेला तुमचा चिमणीला फोन आला. तुम्ही म्हणालात, "मिळालं पत्र," आणि ठेवलात. त्यानंतर तुम्ही तिचा फोन उचललेला नाही. ती रोज सकाळी लावते, आणि संध्याकाळी लॅबमधून आल्यावर लावते. मला दोष देत नाही, आणि माझ्याशी बोलतही नाही फारसं. माझ्या डोळ्यात थेंब घालते. "वर बघ." "मिटू नको." "झालं." एवढंच.

रविवारी तिला घेऊन मी पुन्हा गेले. वाटलं होतं, तो माणूस कंपनीसमोर एकदा बोलला तर तुमच्या नावावरचं ते जाईल, तुम्हाला परत लिफ्टच्या कामाला हात लावू देतील. मी त्याला खरं सांगितलं. मी कोण, ही कोण. तो चिमणीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कोण बाई? मी असलं काही बोललो नाही. मला काही ठाऊक नाही." चिमणीनं त्याला त्याचाच फोटो दाखवला. तो म्हणाला, "फोटोत मी नुसता उभा आहे."

खरं आहे ते. ज्यात माणूस आहे तो फोटो माझ्याकडे राहिला. त्यात काही नाही.

तरी कंपनीच्या कचेरीत गेलो. जुना अहवाल बदलत नाही म्हणाले, नवा अर्ज द्या. मी तिथेच बाकावर बसून लिहिला. काय वाचलं, काय जोडलं, कशावर सही केली, काय पुसलं, गच्चीवर काय ऐकलं. राखणदार नाही म्हणतो, तेही. पाच पानं झाली. टेबलामागच्या मुलीनं सगळी वाचली. वाचून झाल्यावर म्हणाली, "मावशी, यानं तुमच्याच सहीवर प्रश्न येईल." म्हटलं, "यावाच." तिनं शिक्का मारला. पुढे काय होईल ते तिलाही माहीत नाही. एक प्रत या पार्सलमध्ये आहे. ती तुमची. कुणाला दाखवायची, का फाडायची, तुम्ही ठरवा. तुमची नऊ वर्षं तिनं परत येत नाहीत. तुमच्या पाठीवरची ओझी उतरत नाहीत. मला माफ करा असं मी लिहिणार नव्हते आणि लिहीत नाही. ते मागायचं तर दारात उभं राहून मागायला हवं, तुम्ही उभे होतात तसं. उन्हाळ्यापर्यंत डावा डोळा होईल. तुम्ही नको म्हणाला नाहीत, तर तेव्हा येईन. आणि दार लावून घेतलंत, तर मला ते दार ओळखीचं आहे.

पार्सलात किल्ली आहे. तिचं कुलूप या जगात नाही, पण ती तुमच्याकडे असावी.

आणि वही आहे. कार्डात सोळा फोटो ठेवलेत. माझ्या बस, माझ्या पाट्या, सगळं काढून टाकलं. जुने अकरा आहेत. एकात दादा केबिनच्या टपावर बसून डबा खाताहेत आणि तुम्ही मागून त्यांच्या डोक्यावर शिंगं धरलीत. तो मी तेव्हाही पुसला नव्हता, तुम्ही त्यात असूनही. दुरुस्तीवाल्यानं काढलेले चार आहेत. आणि कापलेल्या कडीचा एक. राखणदाराचा मी ठेवला नाही. त्याचा एक छापून घेतला होता, तो रविवारी त्यालाच दिला. त्यानं नाही म्हटल्यावरही घेतला. खिशात ठेवला.

दुरुस्तीवाला तारीख लावून देत होता. मी नको म्हटलं. बॅटरी काढून वेगळी बांधली आहे. चालू कराल तेव्हा तो विचारेल, आज कोणती तारीख.

ती तुम्हीच लावायचात.

— वहिनी